एका थराची थेरं

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची आम्हाला मुळीच सवय नाही. पण हे प्रकरणच नाकाचं आहे, त्यामुळे नाइलाज झाला. शिवाय पुढे जे सांगणार आहोत ते सगळं रीतसर छापून आलेलं आहे. आम्ही फक्त ते जरा मोठ्यानं वाचून दाखवतोय, एवढंच.

तर ऐका. जगभरातली चांगली शिकलीसवरलेली माणसं, कुणी कॅलिफोर्नियात, कुणी कोरियात, कुणी प्रागमध्ये, एका पापुद्र्यापायी खुळावली आहेत. पापुद्र्याचं नाव ग्राफीन. कूळ कार्बनचं, वास्तव्य पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये आणि जाडी अवघ्या एका अणूची. एक मिलिमीटर ग्रॅफाइटमध्ये असे तीसेक लाख पापुद्रे एकावर एक निजलेले असतात. जाडी इतकी नावापुरती, की शास्त्रज्ञांनी ती हिशेबातच धरली नाही आणि या वस्तूला सरळ ‘द्विमितीय’ म्हणून टाकलं. लांबी आहे, रुंदी आहे, तिसरं काही विचारू नका.

आणि एवढ्या नाजूक जिवाकडून करून काय घ्यायचं, तर विषाणू पकडायचे! रुग्णाच्या नाकातला किंवा लाळेतला थेंब त्यावर टाकायचा आणि पाच-दहा मिनिटांत निकाल मिळवायचा. अशा उपकरणाला म्हणतात बायोसेन्सर. ऐकायला किती सोज्वळ वाटतं, नाही? पण या छंदापायी जे काही चाललंय त्यात बेडूक आहे, उंदराचा भाऊबंद आहे, तक्रारअर्ज आहे, भेसळ आहे आणि (जेवत असाल तर हा भाग नंतर वाचा) कोंबडीची विष्ठासुद्धा आहे.

आधी घराणं बघू. ग्राफीनच्या घराण्यात सगळंच उलटं. १९४७ साली पी. आर. वॉलेस यांनी ग्रॅफाइटच्या एकट्या थरात इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित मांडलं, म्हणजे पत्रिका तयार झाली. १९६२ साली जर्मनीत हान्स-पीटर बोम यांना कार्बनचे अतिपातळ थर सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, पण गाजावाजा झाला नाही. १९८६ साली याच बोम आणि मंडळींनी नाव ठेवलं. आणि रीतसर सुटं करून, तारा जोडून, त्यातून वीज खेळवून ते जगाला दाखवलं गेलं २००४ साली! आधी पत्रिका, मग बारसं आणि सगळ्यात शेवटी जन्म. आमच्या आळीत असं झालं असतं तर काय काय बोललं गेलं असतं, विचार करा.

जन्म झाला इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टान्टिन नोवोसेलोव्ह हे ते दोघे. साधन कोणतं वापरलं? कोट्यवधींचं यंत्र? छे हो. चिकटपट्टी! ग्रॅफाइटला पट्टी चिकटवायची, ओढायची, पट्टीवर आलेला थर पुन्हा पट्टीनंच सोलायचा, आणि असं सोलत सोलत एका अणूपर्यंत यायचं. शाळेतल्या पोरांनी हा उद्योग केला असता तर बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. या दोघांना २०१० साली भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं. ती चिकटपट्टी कापायची डबी स्टॉकहोमच्या नोबेल संग्रहालयाला भेट देण्यात आली.

या गाइमसाहेबांची आधीची कीर्तीही काही कमी नव्हे. १९९७ साली हॉलंडमध्ये असताना यांनी बलाढ्य चुंबकाच्या जोरावर एक जिवंत बेडूक हवेत तरंगवला. त्याबद्दल २००० साली त्यांना ‘इग नोबेल’ मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. इग नोबेल आणि नोबेल ही दोन्ही व्यक्तिशः मिळवणारे ते पहिलेच. २००१ सालच्या एका शोधनिबंधावर तर त्यांनी सहलेखक म्हणून टिशाचं नाव घातलं. टिशा कोण? घरातला पाळीव हॅमस्टर! आमच्याकडे निबंधावर मार्गदर्शकाचं नाव पहिलं की शेवटचं यावरून दोन पिढ्यांचा अबोला होतो आणि इकडे उंदराच्या चुलतभावाला लेखकाचा मान.

नोबेल मिळालं म्हणून सगळे पेढे वाटत बसले असतील असं समजू नका. महिना-दीड महिना होतो न होतो तोच अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या वॉल्ट डी हीर यांनी नोबेल समितीला खरमरीत पत्र धाडलं. समितीनं प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय टिपणात चुका आहेत आणि इतरांच्या कामाला न्याय मिळालेला नाही, असा सूर. समितीला टिपणात दुरुस्त्या कराव्या लागल्या. नोबेल समितीला शुद्धिपत्र काढायला लावणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

बरं, माणसं एवढी खुळावण्यासारखं त्यात आहे तरी काय? न्यायानं बोलायचं तर बरंच आहे. ग्राफीनमध्ये ‘आतला’ असा अणूच नसतो. जो अणू आहे तो पृष्ठभागावरच उघडा बसलेला. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण सुटं करून दोन्ही बाजू मोजल्या, तर क्षेत्र भरतं २,६३० चौरस मीटर. म्हणजे सव्वीस गुंठे! एका ग्रॅममध्ये सव्वीस गुंठे. बिल्डर लोकांना अजून पत्ता लागलेला दिसत नाही.

सगळेच अणू उघड्यावर असल्यानं काय होतं, की बाहेरून कुणी येऊन टेकलं तरी त्याचा परिणाम अख्ख्या पापुद्र्यातून वाहणाऱ्या विजेवर होतो. याच स्वभावाचा फायदा घ्यायचा. दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये ग्राफीन अंथरायचं आणि त्यातून बारीकसा प्रवाह सोडायचा. ग्राफीनवर अँटिबॉडी बसवायची, जी ठरावीक विषाणूलाच धरते. पण अँटिबॉडी आणि ग्राफीन यांचं थेट जमत नाही. मग मध्यस्थ आणतात. पायरीन नावाचं चपटं टोक असलेला रेणू ग्राफीनवर पालथा पडून राहतो आणि त्याचं दुसरं टोक अँटिबॉडीचा हात धरतं. आता विषाणू आला, अँटिबॉडीला चिकटला, की त्याच्या विद्युतभारामुळे खालचा प्रवाह किंचित वाढतो किंवा घटतो. तो फरक मोजला की झालं. रंग नको, रसायनांचे टप्पे नकोत, विषाणूच्या प्रती वाढवत बसणं नको. याला म्हणतात फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर पद्धतीचा बायोसेन्सर.

उलट आपल्या आरटी-पीसीआरची तऱ्हा आठवा. आधी आरएनए वेगळं काढा, त्याचं डीएनए करा, मग यंत्रात तापवत-गारवत प्रत्येक फेरीला दुप्पट करत पस्तीस-चाळीस फेऱ्या करा. चाचणी चोख, पण यंत्र हवं, शिकलेले हात हवेत आणि काही तास हवेत. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, तेव्हा ही सोय पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही), मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी होती. अहवाल येईपर्यंत माणूस घरात कोंडलेला, शेजारी दाराच्या फटीतून बघतायत आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या खोकल्याची चर्चा. अशा वेळी कुणी ‘पाच मिनिटांत सांगतो’ म्हणालं तर त्याला खांद्यावर घेऊन नाचायचंच बाकी राहतं.

आणि तसं म्हणणारे निघालेच. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे आपण बाल्कनीत थाळ्या वाजवून जेमतेम मोकळे होतोय तोवर, दक्षिण कोरियातल्या कोरिया बेसिक सायन्स इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी ग्राफीनचा कोविड सेन्सर जाहीर केला. विषाणूच्या अंगावरच्या काट्यांचं प्रथिन पकडायचं म्हणून त्यांनी त्याची अँटिबॉडी ग्राफीनवर बसवली होती. एका मिलिलिटरमध्ये एक फेम्टोग्रॅम प्रथिन असलं तरी कळतं, असं त्यांनी छापलं. एक फेम्टोग्रॅम म्हणजे किती? एकावर पंधरा शून्यं द्या, ग्रॅमचे तेवढे तुकडे करा आणि त्यातला एक उचला.

मग काय, रांगच लागली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वेई गाओ यांच्या गटानं प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर लेझर फिरवून जागच्या जागी ग्राफीन कोरलं आणि विषाणूचं प्रथिन, दोन प्रकारच्या अँटिबॉडी आणि शरीरातल्या दाहाची खूण असलेलं सीआरपी अशा चार गोष्टी एका दमात मोजायचा घाट घातला. निकाल दहा मिनिटांच्या आत, तोही बिनतारी पोचवायची सोय. अमेरिकेतल्याच दीपांजन पान यांच्या गटानं कागदावर ग्राफीनचा थर देऊन विषाणूचं आरएनए थेट ओळखणारी चिप केली, पाच मिनिटांच्या आत. दहा मिनिटं, पाच मिनिटं! लिलावाची बोली तरी अशी झपाट्यानं उतरते का?

इथवर सगळं कौतुकाचं. आता पदर खोचा, कारण पुढे खरी गंमत आहे.

त्या कोरियन निबंधात, लपवून नव्हे, अगदी सारांशातच, आणखी एक आकडा आहे. स्वच्छ मिठाच्या द्रावणात एक फेम्टोग्रॅम ओळखणारा तोच सेन्सर, तेच प्रथिन. फक्त द्रावणाऐवजी नाकातला नमुना ज्यात बुडवून प्रयोगशाळेत पाठवतात ते द्रव घेतलं. आता मर्यादा किती? शंभर फेम्टोग्रॅम. शंभरपट घसरगुंडी! आणि हा नुसता प्रवासाचा द्रव, अजून खरा शेंबूड यायचाच आहे. कोरियन मंडळींनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे दिले आणि पुढे रुग्णांचे नमुनेही तपासून दाखवले. पण गावभर मिरवला गेला तो पहिलाच आकडा. शंभरचं नाव कुणी काढतं का बघा.

आणि हे एकाच घरचं म्हणाल तर तसंही नाही. २०२० सालीच अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रशीद बशीर यांच्या गटानं ग्राफीन मुद्दाम चुरगाळून त्यावर डीएनए पकडायचा प्रयोग केला. स्वच्छ द्रावणात अठराएक रेणू असले तरी कळले. माणसाच्या रक्ताच्या सीरममध्ये मात्र सहाशेच्या आसपास लागले. सहाशेसुद्धा फार थोडे, कामगिरी खरोखर अचाट आहे. पण लक्षात येतंय ना? माणसाच्या अंगातलं काहीही मध्ये आलं, की या नाजूक पापुद्र्याचा नूर बदलतो.

याचं एक कारण फार जुनं आहे आणि त्याचं नाव मीठ. आपल्या अंगातले सगळे द्रव खारट. खारट पाण्यात सुटे झालेले भारित कण कोणत्याही विद्युतभाराभोवती गर्दी करून त्याला झाकून टाकतात. शरीरातल्या खारटपणात हा भार जेमतेम पाऊण नॅनोमीटरपर्यंत जाणवतो, आणि अँटिबॉडी स्वतःच दहाएक नॅनोमीटर उंच. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कानाला लागून बोललेलंच काय ते कळतं, तशी गत. अँटिबॉडीच्या शेंड्यावर विषाणू येऊन बसला तरी तळाशी ग्राफीनला पत्ता नाही! मग मंडळी काय करतात? द्रावणातलं मीठ शंभरपट पातळ करतात, की लगेच ऐकू यायला लागतं. प्रयोगशाळेत चालतं हो. पण रुग्णाला ‘जरा अळणी नाक घेऊन या’ असं कोण सांगणार?

चुरगाळलेल्या ग्राफीनची युक्ती याच अडचणीवरची होती. सुरकुतीच्या खोबणीत मिठाचा पडदा तितका दाट राहत नाही, त्यामुळे भार जरा लांबून जाणवतो. सपाट, निर्दोष पापुद्रा मिळवायला वर्षानुवर्षं खपायचं आणि मग तो बोळा करून वापरायचा. चिकाटीला दाद द्यावी की हसावं, ठरवा तुमचं तुम्ही.

नाकात नुसतं मीठही नसतं. शेंबडातली चिकट प्रथिनं ग्राफीन दिसताच त्यावर लोळण घेतात, कारण तेही सगळं उघडंच. विषाणू नसतानाही काहीतरी चिकटतं आणि प्रवाह हलतो. मग रिकामी जागा आधीच दुसऱ्या निरुपद्रवी प्रथिनानं भरून टाकावी लागते. त्यातून मोठ्या आकाराचं ग्राफीन बहुधा तांब्याच्या पत्र्यावर वाढवून, प्लास्टिकच्या थराच्या आधारानं उचलून दुसरीकडे ठेवतात. त्या उचलाठेवीत कुठे सुरकुती, कुठे चीर, कुठे प्लास्टिकचा उरलेला डाग. परिणामी एकाच दिवशी केलेल्या दोन चिप एकाच थेंबाला दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात.

आता भेसळीकडे वळू. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले अंतोनियो कास्त्रो नेतो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली जगभरातल्या साठ कंपन्यांकडून ‘ग्राफीन’ म्हणून विकला जाणारा माल आणवला आणि तपासला. एकाऐवजी दहा थरांपर्यंत ग्राफीन म्हणायची सवलतही दिली. तरी निघालं काय? बहुतेक कंपन्यांच्या मालात ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी. निम्म्याहून जास्त ग्राफीन असलेली कंपनी साठांत एकही नाही! उरलेलं काय होतं? बारीक दळलेलं ग्रॅफाइट. म्हणजे पेन्सिलीचं शिसं. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण नावं ठेवतो, पण त्याच्या पाण्यात निदान दूध तरी बऱ्यापैकी असतं. आणि हा माल विकत घेऊन कुणाकुणाचे सेन्सर तयार झाले असतील, त्यांचे आकडे कशाचे, ग्राफीनचे की शिशाचे, हा प्रश्न आम्ही नुसता सोडून देतो.

आणि आता तो जेवताना न वाचायचा भाग. ग्राफीनमध्ये अमुक मूलद्रव्य मिसळलं आणि गुण वाढला, तमुक मिसळलं आणि आणखी वाढला, अशा निबंधांचा इतका पूर आला, की प्रागमधल्या मार्टिन पुमेरा यांचं टाळकं सटकलं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘एसीएस नॅनो’ या भारदस्त नियतकालिकात निबंध छापला. ग्राफीनमध्ये त्यांनी काय मिसळलं? कोंबडीची विष्ठा! शांतपणे, शास्त्रशुद्ध पद्धतीनं, तापमान वगैरे नोंदवून. आणि निकाल? विद्युत-रासायनिक गुण सुधारला. विष्ठेत नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सगळं आयतंच असतं ना. गुण सुधारला एवढ्यावर निबंध होतो, पण तो का सुधारला आणि त्याचा उपयोग काय, हे कुणी विचारतच नाही, असा तो टोला होता. भर मांडवात मानाच्या पाहुण्यानं असं बोलावं! पण ज्यांना लागायचं त्यांना लागलं.

यावर कुणी म्हणेल, ग्राफीनचं जाऊ दे, दुसरी स्थळं आहेत की. आहेत ना, भरपूर आहेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या. गॅरेजवाल्यांना ते ग्रीसमधून जुन्या ओळखीचं. त्याचा एक थर काढला तर ट्रान्झिस्टर पूर्ण बंद करता येतो, जे ग्राफीनला जमत नाही. ग्राफीनची वीज बंदच होत नाही, बडबड्या माणसाची जात. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे देबलीना सरकार आणि कौस्तव बॅनर्जी यांनी या पदार्थाचा बायोसेन्सर केला आणि तो ग्राफीनच्या सेन्सरपेक्षा ७४ पटींहून जास्त संवेदनशील असल्याचं दाखवलं. मग मॅक्सीन मंडळी. यांचा जन्म २०११ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात, युरी गोगोत्सी आणि मिशेल बारसूम यांच्या हातून. टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि कार्बनचा थरांचा पदार्थ घ्यायचा आणि हायड्रोफ्लोरिक आम्लानं त्यातलं ॲल्युमिनियम तेवढं खाऊन टाकायचं. उरतं ते विजेला चांगलं, पाण्याशी सलगी करणारं. पण त्याच पाण्यात फार दिवस ठेवलं की हळूहळू गंजून संपतं. काळ्या फॉस्फरसचं तर विचारूच नका. गुणी आहे, पण नुसती हवा आणि ओल लागली की अंग टाकतो. मुंबईच्या जुलैमध्ये त्याचं काय होईल?

या सगळ्या गोंधळात सर्वांत चविष्ट कुजबुज मात्र प्रयोगशाळेबाहेर झाली. २०२१ साली जगभर आवई उठली, की कोविडच्या लशीत ग्राफीन ऑक्साइड घातलंय आणि म्हणून टोचल्या दंडाला चुंबक चिकटतो! आपल्या महाराष्ट्रानंही मागे राहायचं नाही असं ठरवलं. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लशीनंतर चमचे आणि नाणी चिकटतात म्हणून वाहिन्यांचे कॅमेरे धावले. गुळगुळीत वस्तू घामेजलेल्या अंगाला चिकटतेच, त्याला लस लागत नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. ग्रॅफाइटचं हे सगळं कूळच चुंबकाला दूर लोटणारं! गाइमसाहेबांचा बेडूक हवेत तरंगला तो याच गुणावर, कारण त्याच्या अंगातलं पाणीही चुंबकाला असंच लोटतं. म्हणजे आवई खरी असती तर चुंबक चिकटायला नव्हे, पळायला हवा होता. लशींमध्ये ग्राफीन नव्हतंच. मास्कमध्ये मात्र खरोखर होतं. एप्रिल २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्यानं ग्राफीन लावलेले मास्क वापरू नका असं बजावलं, कारण कण श्वासातून फुप्फुसात जाण्याची शंका. जुलैत तपासणीनंतर काही प्रकारांना परत मोकळीक दिली. आवईला पुरावा लागत नाही आणि पुराव्याची आवई होत नाही, हे आम्ही पुन्हा एकदा अनुभवलं.

आता तुम्ही विचाराल, एवढी साथ आली आणि गेली, मग विषाणू पकडले कुणी? सोन्यानं. हो, आपल्या त्याच सोन्यानं! झटपट अँटिजेन चाचणीच्या बहुतेक पट्ट्यांवर जी लाल रेघ उमटते ती सोन्याच्या नॅनोकणांची. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. मायकेल फॅरेडेंनी १८५७ साली यावर प्रयोग केले होते. ना ट्रान्झिस्टर, ना मिठाची कटकट. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हीसेल्फ’ला आयसीएमआरनं मंजुरी दिली. किंमत २५० रुपये, वेळ पंधरा मिनिटं, नाकात काडी घालणारे तुम्ही स्वतः. असल्या पट्ट्यांची संवेदनशीलता आरटी-पीसीआरपेक्षा कमी, थोडा विषाणू असेल तर चुकतात, म्हणून लक्षणं असताना निकाल निगेटिव्ह आला तर आरटी-पीसीआर करा असं बजावलेलं होतंच. पण औषधाच्या दुकानात मिळत होत्या आणि आजीलाही करता येत होत्या. आणि दीपांजन पान यांच्या त्या पाच मिनिटांच्या ग्राफीन चिपमध्ये आरएनए धरून ठेवायला कोण बसवलं होतं, ठाऊक आहे? सोन्याचे नॅनोकण. बघा, घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही.

पैशाचंही थोडं बोलू, नाही तर चर्चा अपुरी राहते. युरोपनं २०१३ साली ग्राफीनसाठी दहा वर्षांचा, एक अब्ज युरोंचा कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनच्या पॅराग्राफ कंपनीनं २०२३ साली सॅन दिएगोची कार्डिया बायो ही ग्राफीनचे जैव सेन्सर करणारी कंपनी घेतली. आपल्याकडे केरळात ग्राफीनचं राष्ट्रीय नवोपक्रम केंद्र उभं राहिलं, त्यात पुण्यात मुख्यालय असलेली सी-मेट ही संशोधन संस्था भागीदार आहे. म्हणजे खूळ ओसरलेलं नाही, हिशेबात मात्र आलं आहे. विक्रमांची भाषा बोलणारे कमी होऊन एकसारख्या हजार चिप कशा करायच्या हे विचारणारे वाढले, तर या प्रकरणाला बरे दिवस येतील.

आमचा निवाडा विचाराल तर ग्राफीन निर्दोष आहे. त्यानं कधी कुणाला शब्द दिला नव्हता. दोष असेल तर स्वच्छ पाण्यातला आकडा नाकातला म्हणून खपवणाऱ्यांचा, शिसं ग्राफीन म्हणून विकणाऱ्यांचा, आणि ‘पाच मिनिटांत’ एवढेच शब्द वाचून बातमी पुढे ढकलणाऱ्या आपल्या सगळ्यांचा.

तेव्हा पुढच्या साथीत, आणि ती येणारच, असली बातमी ग्रुपवर आली की पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. थेंब कशाचा होता, स्वच्छ द्रावणाचा की आजारी माणसाच्या नाकातला? किती माणसांचा? शेजारी आरटी-पीसीआर करून ताडून पाहिला का? आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हातांनी केलेली चिप तेच उत्तर देते का? चारही उत्तरं सरळ मिळाली तर खुशाल टाळ्या वाजवा, आम्हीही वाजवू. तोवर ताप आला, घसा धरला, तर डॉक्टर सांगतील ती चाचणी करा, आणि निकाल येईपर्यंत गुपचूप घरी बसा.